पुराची बातमी मे महिन्यात



सुरतच्या लिंबायतमध्ये येऊन, आज पदवी घेणाऱ्या तुम्हाला पूर म्हणजे काय हे सांगायचं, हा आगाऊपणाच होईल. मीठी खाडी फुगली की कुठल्या गल्लीत पाणी किती चढतं, हे इथल्या पोरासोरांनाही ठाऊक असतं. ऑगस्ट 2006 मध्ये उकाई धरणातून पाणी सोडलं आणि सुरत बुडालं, ते तुमच्या आईवडिलांनी भोगलं आहे. मी त्याआधीच्या एका पुराबद्दल बोलणार आहे. तो शहरात आलाच नाही, म्हणून फारसा कुणाला आठवत नाही.

15 जून 1994 ची रात्र. सुरतपासून ऐंशीएक किलोमीटरवरचं काकरापार अणुवीज केंद्र. दक्षिण गुजरातेत मुसळधार पाऊस लागला होता आणि केंद्राशेजारचा मोतीचेर तलाव तुडुंब भरला होता. तलावाचे दरवाजे उघडता येईनात. केंद्रातलं पाणी ज्या वाटेनं तलावात जायचं, त्याच वाटेनं तलाव आत शिरला. टर्बाइनची इमारत भरू लागली. सकाळपाळीचे कामगार छातीभर पाण्यातून वाट काढत होते. अखेर आजूबाजूच्या गावकऱ्यांनी तलावाचा बांध फोडला, तेव्हा पाणी उतरलं. अणुशास्त्राच्या कुठल्या पुस्तकात हा उपाय असेल असं मला वाटत नाही.

मोठा अनर्थ टळला, कारण पहिली अणुभट्टी चार महिन्यांहून अधिक काळ बंद होती आणि दुसरी अजून सुरूच व्हायची होती. भट्टी बंद केली तरी इंधन तापत राहतं. त्याला थंड ठेवायला पंप लागतात आणि पंपांना वीज. 2011 मध्ये फुकुशिमातल्या चालू भट्ट्या भूकंपाबरोबर आपोआप बंद झाल्या होत्या. पण त्सुनामीत तळघरांतले जनरेटर बुडाले आणि भट्ट्या वितळल्या. काकरापारला भट्टी बंद होऊन महिने लोटले होते, उष्णता उतरली होती. याला मी नशीब म्हणेन, तयारी नाही.

ही गोष्ट बाहेर कशी आली? मनोज मिश्रा नावाच्या तिथल्याच एका कामगारानं एका गुजराती दैनिकाला पत्र लिहिलं. त्याची नोकरी गेली. 2013 साली सर्वोच्च न्यायालयानं ती कारवाई कायम ठेवली. जागल्या म्हणून संरक्षण मागण्याचा त्याचा दावा मान्य केला नाही. न्यायालयाचा निकाल मी मानतो. पण खालच्या अंगाला राहणाऱ्या लाखो लोकांना ही माहिती एका कामगाराच्या पत्रातून कळावी, हे मला आजही पटत नाही.

काकरापारच्या पुरानंतर तीनच महिन्यांनी, सप्टेंबर 1994 मध्ये, सुरतेत प्लेग आला. तेव्हा बातम्यांना तोटा नव्हता. अफवा, छापील आकडे, तोंडाला बांधलेले रुमाल, दुकानांतून संपलेलं टेट्रासायक्लिन. लाखो लोक मिळेल त्या गाडीनं पळाले, त्यात खानदेशाकडे निघालेली आपली माणसंही होती. मृत्यू झाले पन्नासच्या आसपास.

अफवांच्या गोंगाटात खरी बातमी हरवते, हे परदेशातही घडलं. जून 2011 मध्ये अमेरिकेत मिसूरी नदीच्या पुरानं फोर्ट कॅल्हून अणुवीज केंद्राला वेढा घातला. भट्टी वितळल्याच्या अफवा जगभर फिरल्या. खरी बातमी आदल्या वर्षीची होती : पुराची तयारी अपुरी आहे, असा ठपका नियामक आयोगाच्या तपासनिसांनी ठेवला होता आणि केंद्र चालवणाऱ्या संस्थेला ती सुधारावी लागली होती. तो रटाळ अहवाल वाचणारे किती असतील? केंद्र सुरक्षित राहण्यात त्याचा वाटा मात्र मोठा होता.

आज काकरापारला 700 मेगावॅटच्या दोन नव्या भट्ट्याही चालू आहेत. मला वीज हवी आहे, अणुवीजही चालेल. तुमच्यातले काही वर्तमानपत्रात जातील, काही सरकारी कचेरीत, काही त्याच केंद्रात. जिथं असाल तिथं मे महिन्यात, आभाळ कोरडं असताना विचारा : तलावाचे दरवाजे शेवटचे कधी उघडून पाहिले? पर्यायी जनरेटर किती उंचीवर आहेत? उत्तर मिळालं तर ते छापा. नाही मिळालं, तर तेही छापा.