दामोदर हॉल : बाबासाहेबांच्या टेबलाची जागा
(मंडळाच्या वार्षिक मेळाव्यात देवळा येथे केलेले भाषण)





६ डिसेंबरला चैत्यभूमीवर अभिवादन केल्यावर मंडळाचे आम्ही काही कार्यकर्ते आणि विद्यार्थी परळला गेलो. त्या भेटीचा वृत्तांत आपल्यापुढे ठेवावा, अशी अध्यक्षांची आज्ञा झाली म्हणून आम्ही उभे आहोत. आपल्या नियोजित सभागृहाचा निधी जमत आहे. आधी घुमट बांधायचा की आधी अभ्यासिका, यावर आपल्यात दोन मते आहेत. या प्रश्नाचे उत्तर आम्हांला परळमध्ये मिळाले, असे आम्हांला वाटते.

परळ ही गिरणगावातील कामगारवस्ती. ना. म. जोशी यांनी १९११ साली सोशल सर्व्हिस लीग ही संस्था काढली आणि कामगारांसाठी रात्रशाळा, वाचनालये सुरू केली. याच संस्थेने परळला दामोदर ठाकरसी यांच्या नावाचा हॉल उभा केला. लोक त्याला नुसते 'दामोदर हॉल' म्हणत. दिवसभर साच्यावर उभा राहणारा माणूस संध्याकाळी तिथे व्याख्यान ऐकायला येई, नाटक पाहायला येई. कामगार रंगभूमी तिथे वाढली.

या हॉलमध्ये ९ मार्च १९२४ रोजी बाबासाहेबांनी एक सभा बोलावली. अस्पृश्यांच्या अडचणी दूर करण्यासाठी आणि त्यांची गाऱ्हाणी सरकारपुढे मांडण्यासाठी एक मध्यवर्ती संस्था असावी, हा त्या सभेचा विषय होता. त्यातून २० जुलै १९२४ रोजी 'बहिष्कृत हितकारिणी सभा' स्थापन झाली. सर चिमणलाल सेटलवाड अध्यक्ष, बाबासाहेब व्यवस्थापक मंडळाचे अध्यक्ष आणि सीताराम नामदेव शिवतरकर चिटणीस झाले. 'शिका, चेतवा, संघटित व्हा' हे सभेचे ब्रीद आपल्या प्रत्येक वस्तीत पोहोचलेले आहे.

या सभेचे कार्यालय दामोदर हॉलमध्येच होते. परदेशातून बॅरिस्टर होऊन आलेला विद्वान माणूस तिथे टेबल मांडून बसे. कुणी अर्ज लिहून घ्यायला येई, कुणी तक्रार घेऊन येई. बाबासाहेबांचे राहणे जवळच, पोयबावडीच्या बी.आय.टी. चाळ क्रमांक १ मध्ये दुसऱ्या मजल्यावर, ५० आणि ५१ क्रमांकांच्या खोल्यांत होते. त्या चाळीचा जिना चढताना आमच्यातील विद्यार्थी एकदम गप्प झाले. जगातील नामांकित विद्यापीठांच्या पदव्या घेतलेला माणूस इथे राहत होता, ही गोष्ट त्यांनी पुस्तकात वाचली होती. आता ती डोळ्यांनी पाहिली.

सभेने आरंभी काय केले, हेही पाहण्यासारखे आहे. ४ जानेवारी १९२५ रोजी सोलापूरला विद्यार्थ्यांसाठी वसतिगृह उघडले. मुंबईत मोफत वाचनालय चालवले. विद्यार्थ्यांकडून 'सरस्वती विलास' हे मासिक काढवले. त्यानंतर १९२७ चे महाड झाले, १९३० चे नाशिकचे काळाराम मंदिर झाले आणि १३ ऑक्टोबर १९३५ ला आपल्याच जिल्ह्यातील येवल्याची घोषणा झाली. हा क्रम विद्यार्थ्यांनी ध्यानात ठेवावा. आधी वसतिगृह आणि वाचनालय, मग सत्याग्रह.

आता दुःखाची गोष्ट सांगतो. हे दामोदर नाट्यगृह २०२३ साली पुनर्बांधणीसाठी बंद करण्यात आले आणि पुढे जुनी वास्तू पाडण्यात आली. रंगकर्मींनी त्याविरुद्ध आवाज उठवला. आपल्या समाजाच्या इतिहासातील एक मोठी संघटना जिथे जन्मली, ती जुनी इमारत आता दाखवता येत नाही. आम्ही त्या जागेसमोर उभे राहून वंदन केले आणि निघालो.

परतीच्या गाडीत एका विद्यार्थ्याने विचारले, "सर्वच देशांत जुन्या सभागृहांचे असेच होते का?" तेव्हा जपानचे उदाहरण निघाले. ओसाका शहरात नाकानोशिमा नावाच्या बेटावर एक सार्वजनिक सभागृह आहे. इवामोतो एइनोसुके या शेअर दलालाने अमेरिकेतील धनिकांचे सार्वजनिक दान पाहिले आणि १९११ साली आपल्या शहराला दहा लाख येन दिले. पुढे बाजारात त्याचे फार मोठे नुकसान झाले. दिलेले पैसे परत माग, असे लोकांनी सुचवले, पण त्याने ते मागितले नाहीत. १९१६ साली त्याने स्वतःचे जीवन संपवले. १९१८ साली उभे राहिलेले सभागृह त्याला पाहता आले नाही. त्याच्या मृत्यूचे समर्थन आपण करणार नाही. दिलेले दान मात्र त्याने समाजाचेच मानले.

पुढे १९७० च्या दशकात हेही सभागृह पाडण्याची वेळ आली होती. ओसाकाच्या नागरिकांनी ते वाचवण्यासाठी चळवळ केली, देणग्या जमवल्या. अखेर महापालिकेने ते जतन करायचे ठरवले. २००२ साली दुरुस्ती पूर्ण झाली आणि त्याच वर्षी जपान सरकारने त्याला महत्त्वाच्या सांस्कृतिक वारशाचा दर्जा दिला. तिथे आईन्स्टाईन बोलले, हेलन केलर बोलल्या. तिथे सतत लोकांचा वावर राहिला, म्हणूनच ते वाचवायला लोक उभे राहिले.

बंधुभगिनींनो, आपल्या सभागृहासाठी कांद्याच्या चाळीत राबणाऱ्या भगिनीनेही आपल्या मजुरीतून पैसे दिले आहेत. ज्या वास्तूचे कुलूप फक्त १४ एप्रिलला, बुद्धपौर्णिमेला आणि लग्नाला उघडते, तिची आठवण पुढच्या पिढीला राहणार नाही. तेव्हा आमची तीन मागणी आहेत. पहिली, पायाभरणीनंतर आधी एक अभ्यासिका पूर्ण करावी आणि घुमटाचे काम दुसऱ्या टप्प्यात घ्यावे. दुसरी, त्या खोलीत एक टेबल असावे आणि रोज संध्याकाळी शिकलेल्या एका कार्यकर्त्याने तिथे बसावे. शिष्यवृत्तीचा फॉर्म, जातीचा दाखला, सातबारा यासाठी अडलेल्या माणसाला तिथे मदत मिळावी. तिसरी, दिलेल्या प्रत्येक रुपयाची नोंद वहीत असावी आणि ती वही कुणालाही पाहता यावी.

परळचे ते टेबल आज आपण देवळ्यात आणू शकत नाही. त्या टेबलावर जे काम चालत होते, ते मात्र येत्या वर्षावासापासून इथे सुरू करता येईल. विद्यार्थ्यांनी रोजच्या पाळीसाठी आजच आपली नावे चिटणिसांकडे द्यावीत, एवढी विनंती करून आम्ही थांबतो.

नमो बुद्धाय. जयभीम.