तेल किती आहे : काडी खरी की स्क्रीन?

(मंडळाच्या वार्षिक सभेनंतर केलेल्या भाषणाचा संपादित मजकूर)



कार्यकारिणीनं मला बजावलं आहे, "इंजिनिअरसारखं बोलू नका आणि जेवणाच्या आत आटपा." पहिली अट कठीण आहे, दुसरी मी पाळीन.

इथे डेट्रॉईट परिसरात आपल्यापैकी निम्मे लोक गाड्यांच्या धंद्यावर जेवतात. मी सव्वीस वर्षं गाड्यांचे सेन्सर तयार करण्यात घालवली. त्यामुळे आज सेन्सरच्या बाजूनं बोलेन अशी तुमची अपेक्षा असेल. पण मला माझी एक चूक सांगायची आहे.

आमच्या वडिलांची पुण्यात प्रीमियर पद्मिनी होती. दर रविवारी सकाळी अंघोळीच्या आधी बॉनेट उघडायचं, डिपस्टिक काढायची, जुन्या बनियनच्या फडक्यानं पुसायची, परत घालायची आणि मग बाहेर काढून डोळ्यांसमोर आडवी धरायची. दोन खुणांच्या मध्ये तेल असलं की "ठीक आहे" म्हणायचे. मला वाटायचं, गेल्या रविवारी होतं तेवढंच असणार, रोज काय बघायचं!

आता स्पोर्ट्स कारकडे येऊ. पोर्शे ९११ चं जुनं, हवेनं थंड होणारं इंजिन १९९८ पर्यंत चाललं. त्याचं बरंचसं तेल इंजिनाच्या पोटात नसून वेगळ्या टाकीत असे. टाकीत डिपस्टिक आणि डॅशबोर्डावर पातळीचा काटाही. दोन्ही बघायची रीत एकच : गाडी सपाट जागी, इंजिन पुरतं गरम आणि चालू. थंड इंजिनावर काडी कोरडी आली म्हणून तेल ओतणारे अनेक जण पस्तावले. १९९७ मध्ये आलेल्या पुढच्या पिढीतही काडी आणि इलेक्ट्रॉनिक मोजणी दोन्ही होत्या. २००४ च्या ९११ मध्ये काडी गेली, राहिली फक्त स्क्रीनवरची पट्टी. बीएमडब्ल्यूची २००७ ची व्ही-८ इंजिनाची एम-३ देखील बिनकाडीची. उलट २००६ ची कॉर्व्हेट झी-०६ बघा. तिलाही तेलाची वेगळी टाकी, पण टाकीत काडी ठेवलेली.

काडी का काढली? पहिलं कारण आपणच. बॉनेट, म्हणजे इथलं हुड, उघडतो कोण? शिवाय इंजिन सीटच्या मागे दडवलेलं असलं, तर काडीपर्यंत हातच पोचत नाही. सेन्सर मात्र गाडी चालू असतानाही लक्ष ठेवतो आणि तेल कमी झालं की आपण विचारायच्या आधी सांगतो. हा त्याचा फार मोठा गुण आहे. कारण डॅशबोर्डावरचा तो लाल तेलाचा दिवा पातळीचा नसतो, दाबाचा असतो. तो लागेपर्यंत वाट पाहणं म्हणजे घर पेटल्यावर विहीर खणणं.

सेन्सर मोजतो कसा? एक प्रकार ध्वनीचा. तळाशी बसून तो वरच्या दिशेनं ध्वनिलहर सोडतो, ती तेलाच्या पृष्ठभागावर आपटून परत येते आणि लागलेल्या वेळावरून उंची निघते. पाच सेंटिमीटर तेल असेल तर जाऊन येऊन साधारण ७० मायक्रोसेकंद. एक मिलिमीटर म्हणजे जेमतेम दीड मायक्रोसेकंद! त्यातून तेल तापलं की ध्वनीचा वेग बदलतो, म्हणून शेजारी तापमानही मोजावं लागतं. दुसरा प्रकार उष्णतेचा. एक बारीक घटक क्षणभर तापवायचा आणि तो किती लवकर निवतो ते पाहायचं. तेलात जास्त बुडालेला असेल तर लवकर निवतो.

पण खरी पंचाईत मोजण्यात नाही, तेलात आहे. ते स्थिर उभं राहत नाही. वळणावर गाडीला गुरुत्वाकर्षणाएवढा बाजूचा जोर बसला, आणि चांगल्या टायरवर स्पोर्ट्स कारला तो बसतो, तर तेलाचा पृष्ठभाग ४५ अंशांत कलतो. म्हणून संगणक अनेक मोजण्यांची सरासरी काढतो, सपाट रस्ता आणि गरम तेल मिळेपर्यंत थांबतो. थोडक्यात, स्क्रीनवर दिसतं ते या क्षणाचं तेल असेलच असं नाही.

हे सगळं मला पाठ होतं. तरीही चूक झाली.

माझ्या मुलानं एक जुनी, बिनकाडीची स्पोर्ट्स कार घेतली. कोणती ते सांगत नाही, दोष गाडीचा नव्हता. तेल बदलून आणलं आणि आमच्या चढाच्या ड्राइव्ह-वेवर उभी केली. स्क्रीनवर पट्टी तळाला. त्यानं मला ऑफिसात फोन केला. मी मीटिंगमध्ये होतो. म्हटलं, "सेन्सर सांगतोय ना? मग घाल एक क्वार्ट." त्यानं घातलं. पट्टी हलली नाही. पुन्हा फोन. "घाल अजून एक."

शंभरात पाच चढ म्हणजे चाळीस सेंटिमीटर लांब तळाच्या दोन टोकांत दोन सेंटिमीटरचा फरक. आणि नवी मोजणी तर झालीच नव्हती! जवळजवळ दोन लिटर तेल जास्त झालं. तेल फार वर आलं की फिरता क्रँकशाफ्ट त्यात आपटतो आणि रवीनं ताक घुसळावं तसा फेस होतो. फेसात हवा, म्हणून बेअरिंगला धड तेल मिळत नाही. उरलेलं तेल हवेबरोबर सिलिंडरमध्ये ओढलं जाऊन जळतं. हायवेवर मागे निळा धूर! कॅटॅलिटिक कन्व्हर्टर बदलावा लागला. इंजिन वाचलं ते त्यानं ताबडतोब गाडी बंद केली म्हणून.

रात्री तो एवढंच म्हणाला, "बाबा, तुम्हीच बनवता ना हे सेन्सर?" मला उत्तर सुचलं नाही.

सेन्सर खोटं बोलला नव्हता. आम्ही नको त्या जागी, नको त्या वेळी विचारलं. काडीसुद्धा चढावर चुकतेच. पण काडी असती तर पहिल्या क्वार्टनंतरच तेल वरच्या खुणेच्या बरंच वर दिसलं असतं आणि दुसरा फोन आला नसता. काडीवर आणखीही दिसतं : तेल दुधाळ झालंय का, पेट्रोलचा वास येतोय का. पातळीचा सेन्सर यातलं काहीच सांगत नाही.

तेव्हा माझं मत असं : रोजच्या राखणीला सेन्सर उत्तम, शंका आली की काडी. दोन्ही असतील तर दोन्ही वापरा. नुसता सेन्सर असेल तर गाडीचं पुस्तक वाचून त्याच्याच अटींवर मोजा. तेल बदलताना किती गेलं ते मोजून लिहून ठेवा. कमी दाखवलं तर पाव-पाव लिटर घाला, थोडं चालवून, सपाट जागी पुन्हा पाहा. आणि मीटिंगमधून कुणाला सल्ला देऊ नका.

मुलाकडे ती गाडी अजून आहे. रविवारी तो ती कोपऱ्यावरच्या सपाट पार्किंगमध्ये नेतो आणि स्क्रीनचा फोटो मला पाठवतो. मी उत्तरात दोनच शब्द लिहितो, "ठीक आहे."

चला, पानं वाढली आहेत.