बर्फावरचा कॅमेरा



दिवसभर कोशाच्या मागावर बसून आलेल्या मंडळींपुढे, वैशाखाच्या या उकाड्यात मी बर्फाची गोष्ट सांगणार, ही थट्टाच वाटेल. आपल्याकडे बर्फ पडते ते गारांचे, आणि तेही पिकाच्या मुळावर येते. पण आंधळगावच्या विणकराला माझा विषय परका वाटू नये. लुगडे नेसणारीला विणणाऱ्याचे नाव ठाऊक नसते. चित्रपटातली थरारक उडी पाहणाऱ्यालाही ती टिपणारा कोण, हे ठाऊक नसते.

विली बोग्नर हा असाच एक टिपणारा. जन्म १९४२, म्युनिक. पायांना लांब अरुंद फळ्या, म्हणजे स्की, बांधून बर्फाच्या उतारावरून वाऱ्यासारखे घसरायचे, या शर्यतीतला हा जर्मन विजेता. वडिलांनी १९३६ च्या हिवाळी ऑलिंपिकमध्ये सर्व खेळाडूंच्या वतीने शपथ घेतलेली. १९६० साली, अठराव्या वर्षी, स्क्वॉ व्हॅलीच्या ऑलिंपिकमध्ये वळणांच्या शर्यतीची पहिली फेरी त्याने सर्वांत वेगाने पुरी केली. दुसऱ्या फेरीत तो पडला. जिंकत आलेला डाव असा हातचा गेला.

पुढे त्याने कॅमेरा हाती घेतला. १२ एप्रिल १९६४ रोजी स्वित्झर्लंडमध्ये सेंट मॉरिट्झजवळ तो आपल्या चित्रपटासाठी नामांकित स्कीपटूंना घेऊन चित्रण करीत होता. एकाएकी हिमाचा कडा सुटला. बडी वेर्नर हा अमेरिकन वीर, अठ्ठावीस वर्षांचा, शर्यतींतून नुकताच निवृत्त झालेला. त्याने पहिल्या लोटाला मागे टाकले, पण दुसऱ्याने गाठले. बार्बी हेन्नेबेर्गरही गेली. ही १९६० च्या ऑलिंपिकमधील कांस्यपदकाची मानकरी आणि बोग्नरची जिवलग मैत्रीण. वय अवघे तेवीस.

खटला झाला. प्रथम तो सुटला. वरच्या न्यायालयात मात्र निष्काळजीपणाने मृत्यू घडविल्याचा दोष शाबीत झाला आणि दोन महिन्यांची स्थगित शिक्षा झाली. चित्रपट १९६६ साली लोकांपुढे आला.

एखाद्याने कॅमेरा कायमचा फेकून दिला असता. याने नाही. १९६९ च्या जेम्स बाँडच्या चित्रपटासाठी, दोन्ही टोकांना वाकविलेल्या स्की घालून, कॅमेरा हाती धरून तो उतारावरून पाठमोरा घसरला! पुढून येणाऱ्या नटाचा पाठलाग आपण खुर्चीत बसून पाहतो, तो त्या उलट्या घसरणीमुळे. असे बाँडचे चार चित्रपट त्याने केले. त्यांपैकी १९८१ च्या चित्रपटाच्या वेळी कोर्तिनाच्या बर्फाच्या घसरगाडीत पाओलो रिगॉन हा तरुण साहसपटू मरण पावला, हेही सांगितले पाहिजे.

आपल्या शांतारामबापूंनी ‘दो आँखें बारह हाथ’साठी बैलाशी झुंज घेतली आणि डोळ्यांना जबर इजा करून घेतली. ते डोळे त्यांचे स्वतःचे होते. मी बोग्नरचे कौतुक करतो ते येथवर येऊन अडते. पाठमोरे घसरताना त्याने स्वतःचा जीव पणाला लावला, तो त्याचा अधिकार. सेंट मॉरिट्झच्या उतारावर मात्र जीव दुसऱ्यांचेही होते. ती मंडळी खुशीने आली होती, असे कुणी म्हणेल. खरे आहे. पण कुठे आणि केव्हा घसरायचे, हे ठरविणाऱ्यांत कॅमेरेवाला होताच.

१९८६ साली त्याचा आणखी एक बर्फपट आला. नाव होते ‘आग आणि बर्फ’.