की-बोर्ड कोणापुढे, जर्नल कोणापुढे?

(धाराशिव येथे महिला संघटनांच्या कार्यकर्त्यांसमोर केलेल्या भाषणाचा मजकूर)



मी आज मारहाण, हुंडा, पोटगी यांवर बोलणार नाही, संगणकाच्या प्रयोगशाळेवर बोलणार आहे, हे कळल्यावर मघाशी दोघी-तिघींनी विचारलेच, "ताई, तुमचा आणि त्याचा काय संबंध?" प्रश्न रास्त आहे. मी एम. एस. डब्ल्यू. झालेली बाई. प्रोग्रॅमिंग मला येत नव्हते, आजही फारसे येत नाही.

संबंध आला तो २०१३च्या कायद्यामुळे. लैंगिक छळाच्या तक्रारींसाठी जी अंतर्गत समिती नेमावी लागते, तिच्यावर बाहेरच्या संस्थेतली एक सदस्य घ्यावी लागते. आपल्या जिल्ह्यातल्या एका अभियांत्रिकी महाविद्यालयात ती सदस्य मी आहे. नाव सांगत नाही, सांगितले तर मुली ओळखू येतील. वर्षभरात तक्रार एकही नाही. बैठक चहा-बिस्किटांवर संपायची. आता तक्रार नाही म्हणजे सगळे आलबेल, असे आपल्यापैकी कोणीच मानत नाही. म्हणून मी मधल्या सुट्टीत मुलींशी गप्पा मारायला जाऊ लागले. छळाबद्दल कोणी अवाक्षर काढले नाही. पहिल्या वर्षाची एक मुलगी मात्र एकदम म्हणाली, "मॅडम, माझा सी राहणार."

सी ही संगणकाची भाषा. अमेरिकेतल्या बेल प्रयोगशाळेत डेनिस रिची यांनी १९७०च्या दशकाच्या सुरुवातीला ती घडवली. आजही आपल्याकडे इंजिनिअरिंगच्या बऱ्याच मुलामुलींची प्रोग्रॅमिंगशी पहिली गाठ तिच्यामार्फतच पडते, मग शाखा कोणतीही असो. 'राहणे' म्हणजे नापास होणे. एखाद्या शहरी मुलीला राहिलेला विषय पुढच्या परीक्षेत काढता येतो. हिच्या घरचे गणित निराळे. कळंबकडचे गाव, कोरडवाहू शेती, पाठीवर एक बहीण, आणि "वर्ष वाया गेलं तर मामानं आणलेलं स्थळ बघू" असे घरात ठरलेले. एका विषयाच्या निकालावर एक लग्न टांगलेले होते.

मी विचारले, "अवघड काय जातं?" म्हणाली, "थिअरी येते. मशीनवर बसले की काहीच सुचत नाही." "आतापर्यंत किती वेळा बसलीस?" यावर ती गप्प.

मग परवानगी काढून मी प्रॅक्टिकलला मागच्या बाकावर जाऊन बसले. दोन तासांचा वेळ, वीस जणांची बॅच, चालू यंत्रे आठ. म्हणजे एकेका यंत्रावर दोघे-तिघे. जिथे मुलगा-मुलगी शेजारी होते, तिथे जवळजवळ प्रत्येक ठिकाणी तेच चित्र: की-बोर्ड त्याच्यापुढे, जर्नल तिच्या मांडीवर. तो टाइप करतो, चुका करतो, शिकतो. ती शेवटी बरोबर आलेला प्रोग्रॅम सुवाच्य अक्षरात उतरवून घेते. "तुझं अक्षर छान आहे, तू लिही." मुलींची जर्नले नेटकी, त्यामुळे टर्मवर्कचे गुण चांगले. परीक्षेत मात्र एकेकटीला यंत्रापुढे बसवतात, आणि तिथे अक्षराचा उपयोग नसतो. त्या मुलीला अर्धविराम कुठे द्यायचा ते पाठ होते. पण तो राहून गेला की पडद्यावर काय दिसते, हे तिने कधी स्वतःच्या चुकीतून पाहिलेच नव्हते.

कोणी जबरदस्ती केली नव्हती, कोणी वेडेवाकडे बोलले नव्हते. माझ्या समितीच्या कोणत्या कलमात हे बसवणार? मला आपल्या ग्रामपंचायती आठवल्या. सरपंचबाई सही करतात आणि कारभार यजमान पाहतात.

शिकवणाऱ्या मॅडम तासिका तत्त्वावरच्या, वयाने माझ्याहून लहान. पहिल्यांदा त्या दुखावल्या. "यंत्रंच कमी आहेत हो, मी काय करू?" हे खरेच होते. पण पुढे आम्ही दोघींनी मिळून वाचले, तेव्हा एक गोष्ट कळली. कॅलिफोर्नियातल्या सांताक्रूझच्या विद्यापीठात या शतकाच्या सुरुवातीला मुद्दामच एका यंत्रावर दोघांना बसवून शिकवून पाहिले होते. एकाने टाइप करायचे, दुसऱ्याने वाचत, टोकत, पुढचा विचार करत राहायचे आणि ठरावीक वेळाने जागा बदलायची. अशा जोड्यांतली मुले अभ्यासक्रम अर्धवट सोडण्याचे प्रमाण एकेकट्याने शिकणाऱ्यांपेक्षा कमी निघाले, आणि मुलींनाही त्याचा फायदा झाला. म्हणजे दोघांत एक यंत्र असणे हा नुसता गरिबीचा शाप नव्हे. जागा न बदलणे हा दोष.

मॅडमनी टेबलावर घड्याळ ठेवले. दर पंधरा मिनिटांनी अदलाबदल. पहिल्या दिवशी मुलांनी कुरकुर केली, "मॅडम, त्या फार स्लो आहेत, प्रोग्रॅम पूर्ण होत नाही." गंमत म्हणजे मुलींनीही कुरकुर केली! आपल्या हातून चूक झालेली सगळ्यांना दिसते, ही भीती काही घड्याळाने जात नाही. ती कशी जाते ते मी पुढे पाहिले.

मॅडमनी पुस्तकातल्या उदाहरणांऐवजी घरचा हिशेब आणायला सांगितला. आमच्या कळंबच्या मुलीने आईच्या बचत गटाचे व्याज घेतले. पाच हजारांचे कर्ज, महिना दोन टक्के. आईच्या वहीत व्याज शंभर रुपये, संगणक म्हणतो शून्य. दुसरे कर्ज घातले, शून्य. सगळा गटच बिनव्याजी! तिचा जोडीदार म्हणाला, मशीन खराब आहे. मॅडम जवळ उभ्या होत्या, पण उत्तर त्यांनी सांगितले नाही. मुलीने एकेक ओळ छापून पाहिली, आणि सापडले. तिने दर वेगळा काढला होता, दोन भागिले शंभर. सी भाषेत पूर्णांकाला पूर्णांकाने भागले की अपूर्णांकाचा भाग गळून जातो, उरतो शून्य. तिने २च्या जागी २.० लिहिले आणि शंभर रुपये आले. पुढचे पाऊण तास तिने की-बोर्ड कोणाला दिला नाही. नियम मोडला, पण मॅडमनी घड्याळाकडे पाहिले नाही आणि मीही.

फिलाडेल्फियातल्या एनिअ‍ॅक या सुरुवातीच्या मोठ्या संगणकाचे प्रोग्रॅमिंग सहा स्त्रियांनी केले होते. शिकवायला पुस्तक नव्हते. यंत्राचे आराखडे वाचून, पुढे हातांनी तारा जोडून, खटके फिरवून त्या शिकल्या. १९४६मध्ये ते यंत्र जगाला दाखवले, तेव्हा त्यांचे श्रेय कोणी सांगितले नाही. हे मी त्या बॅचला सांगितले, तेव्हा मागून एक मुलगा म्हणाला, "म्हणजे जर्नल पण त्यांनीच लिहिलं असेल." सगळे हसले. मीही.

तिचा विषय निघाला. तिच्याच बॅचमधली दुसरी एक मुलगी दिवाळीनंतर परत आली नाही. लग्न झाल्याचे आम्हाला नंतर कळले. तिच्या घरी मी वेळेवर पोचले नाही, हे मी इथे कबूल करते.

मार्च २०२३पासून एसटीत बायकांना अर्धे तिकीट आहे. जुलै २०२४मध्ये शासनाने ८ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या आर्थिक दुर्बल, इतर मागास आणि सामाजिक-शैक्षणिक मागास घरांतल्या मुलींचे व्यावसायिक शिक्षणाचे पूर्ण शुल्क माफ केले. दोन्ही चांगलेच. आपण त्यासाठी ओरडलो होतो. आपल्यातल्या ज्या अशा समित्यांवर आहेत, त्यांनी पुढच्या बैठकीनंतर चहा घेऊन परतू नये, प्रॅक्टिकल चालू असताना तासभर मागे बसावे.

माझे पुढचे काम ठरले आहे. ज्यांच्या घरी संगणक नाही त्यांच्यासाठी संध्याकाळी साडेपाच ते सात लॅब उघडी असते. कळंबकडच्या मुलींना जी गाडी सोयीची, ती पावणेसहाला सुटते. लॅबची वेळ दुपारी घ्यावी असा अर्ज मी प्राचार्यांकडे दिला आहे, आणि गाडीसाठी आगारात दुसरा. दोन्हींच्या पोचपावत्या माझ्याकडे आहेत.