फार्मसी झाली, आता कारखान्याकडे वळा
(संस्थेच्या विद्यार्थी मार्गदर्शन मेळाव्यातील भाषण)



1942 ते 1946 या काळात बाबासाहेब व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूरमंत्री होते. त्याच काळात, 1944 साली, मॅट्रिकनंतरची शिष्यवृत्ती सुरू झाली. त्या वाटेने शिकलेल्या घरांतून आज डी.फार्म. झालेली मुले-मुली निघत आहेत, याचा आम्हांस अभिमान वाटतो. पण डिप्लोमा हाती आल्यावर पुढे काय? दुकान टाकायला भांडवल नसते. मग कोणी तरी येऊन म्हणतो, 'तुमचे सर्टिफिकेट आमच्या दुकानात लावा, दरमहा अमुक देतो.' घरबसल्या पैसे येतात म्हणून आई-वडीलही खूश होतात.

हा व्यवहार बेकायदेशीर आहे, हे आम्ही स्पष्टच सांगतो. 1948 च्या फार्मसी कायद्याच्या कलम 42 प्रमाणे डॉक्टरांच्या चिठ्ठीवरचे औषध नोंदणीकृत फार्मासिस्टनेच द्यायचे असते. दुकानात काही भलतेसलते झाले तर भिंतीवर लावलेले नाव तुमचे असते. शिवाय अशी चार-पाच वर्षे गेली की अनुभवाच्या रकान्यात लिहायला काही उरत नाही.

आता कारखान्याचा नियम पाहा. औषधे नियम 1945 मधील नियम 71 सांगतो की, उत्पादन ज्याच्या देखरेखीखाली चालते तो फार्मसीचा पदवीधर असावा व पदवीनंतर त्याला औषधनिर्मितीचा अठरा महिन्यांचा अनुभव असावा. रसायनशास्त्र घेऊन बी.एस्सी. झालेल्याला हाच अनुभव तीन वर्षांचा लागतो. डिप्लोमाला त्या यादीत जागा नाही. ज्याच्या नावावर दुकान चालू शकते तोच मुलगा कारखान्यात पॅकिंगच्या पट्ट्यावर अडकून पडतो, तो यामुळे. तेव्हा डिप्लोमावर थांबू नका. डी.फार्म. झालेल्यांना बी.फार्म.च्या दुसऱ्या वर्षात थेट प्रवेश मिळू शकतो. म्हणजे आणखी तीनच वर्षे. पुढे जीपॅट परीक्षा उत्तीर्ण होऊन मान्यताप्राप्त महाविद्यालयात एम.फार्म.ला गेलात, तर दरमहा 12,400 रुपयांची शिष्यवृत्ती आहे.

दुकानातून कारखान्यात गेलेल्या फार्मासिस्टला पहिल्या दिवशी शब्दही बदललेले दिसतात. दुकानात 'डिस्पेन्सिंग' म्हणजे रुग्णाला औषध देणे. कारखान्यात डिस्पेन्सिंग म्हणजे बॅचसाठी कच्चा माल मोजून देणे. एकाने वजन करायचे, दुसऱ्याने तपासायचे, दोघांनी सह्या करायच्या. मग दाणे तयार करणे, वाळवणे, गोळ्या दाबणे, लेप चढवणे. प्रत्येक पायरीची नोंद बॅच रेकॉर्डमध्ये, काम होते त्याच वेळी. संध्याकाळी आठवून लिहिलेली नोंद तपासनीस मान्य करत नाहीत. ज्याला नेटके लिहायची सवय आहे त्याला क्वालिटी अॅशुरन्समध्ये मागणी आहे. 2023 च्या डिसेंबरमध्ये अनुसूची 'एम' सुधारल्यापासून लहान कारखान्यांनाही अशी माणसे लागतात.

ज्यांना प्रयोगशाळेची आवड आहे त्यांनी क्वालिटी कंट्रोलकडे जावे. विनयपिटकातला जीवक आपल्याला माहीत आहे. तक्षशिलेच्या भोवती एक योजन फिरून औषधी गुण नसलेली वनस्पती आण, असे गुरूंनी सांगितले आणि तो रिकाम्या हाताने परतला. प्रत्येक वनस्पती हाती घेऊन पाहिल्याशिवाय तसे परतता येत नाही. एचपीएलसी यंत्रासमोर बसणाऱ्या मुलीचे कामही त्याच जातीचे, एवढेच आम्ही म्हणू.

एक अडचण मात्र लपवण्यात अर्थ नाही. पिंपरीचा हिंदुस्थान अँटिबायोटिक्स कारखाना 1954 साली स्थापन झाला. तो सरकारी असल्याने तेथे राखीव जागा होत्या. आज त्याचा पूर्वीचा पसारा राहिलेला नाही, आणि खाजगी कंपन्यांत आरक्षण नाही. तेथे बऱ्याच जागा जाहिरातीआधी ओळखीतून भरल्या जातात. आपल्या मुलांना गुण कमी पडत नाहीत, ओळख कमी पडते.

म्हणून तारापूर, वाळूज, सातपूर, कुरकुंभ किंवा गोव्यात वेर्णा येथे नोकरीस असलेल्या सभासदांना आमची विनंती आहे की, आपल्या कंपनीत जागा निघाली की संस्थेच्या कार्यालयात कळवावे, आणि मुलाखतीला जाणाऱ्या मुलाला आदल्या रविवारी घरी बोलावून तासभर तयारी करून घ्यावी. विद्यार्थ्यांनी आपले नाव व शिक्षण आजच कार्यालयातील वहीत लिहून जावे.

जयभीम!