समोर बसवून पंप ओढायला लावा



मीरा रोडच्या पूनम सागरमध्ये भरलेल्या फॅमिली डॉक्टरांच्या या परिषदेचं अध्यक्षपद मला दिलंत, आभारी आहे. जेवणाची वेळ होत आलीय, तेव्हा लांबण लावत नाही.

अध्यक्षाने आढावा घ्यावा असा रिवाज आहे. १९५६ साली दम्याच्या औषधाचा मोजून फवारा सोडणारा पहिला पंप आला. १९६९ साली साल्ब्युटामॉल आलं, १९७२ साली पंपातून ओढायचं बेक्लोमेथासोन. एक आवळलेल्या श्वासनळ्या सैल करतं, दुसरं आतली सूज उतरवतं. २०१९ साली दम्यावरच्या ‘जिना’ या जागतिक संस्थेने बजावलं, की मोठ्या माणसांना नुसत्या साल्ब्युटामॉलवर ठेवू नका, सोबत ओढायचं स्टेरॉइड द्या. एवढं असूनही जगातले सुमारे १३ टक्के दमेकरी भारतात, आणि दम्याने होणारे मृत्यू मात्र ४० टक्क्यांहून जास्त! आढावा इथेच पुरे. याला औषधांचं अपयश म्हणायला माझी जीभ रेटत नाही.

आपल्यापैकी किती जण पंप लिहून दिल्यावर रोग्याला म्हणतात, ‘घेऊन दाखवा’?

सकाळच्या सत्रात तासभर वाद झाला, फवारा बरा की पावडर. माझ्याकडे एक आजी यायच्या. एका बड्या डॉक्टरांनी त्यांना पावडरचा पंप लिहून दिलेला, गुण काही येईना. म्हटलं, घेऊन दाखवा. आजींनी पिशवीतून कॅप्सूल काढली आणि पाण्याबरोबर गिळून टाकली! आता सांगा, फवारा की पावडर? फवारा सावकाश ओढायचा, पावडर जोरात. मग दहा सेकंद श्वास रोखायचा, स्टेरॉइड असेल तर चूळ भरायची. हे चिठ्ठीवर मावत नाही, करून दाखवावं लागतं.

दुसरा वाद गोळीचा. ‘लोकांना पंप नको असतो, गोळी द्यावी लागते,’ असं एक तरुण मित्र म्हणाले. चार मिलिग्रॅमची साल्ब्युटामॉलची गोळी म्हणजे पंपाच्या चाळीस झटक्यांएवढं औषध. ते साऱ्या अंगभर फिरतं, हात थरथरतात, छाती धडधडते. आणि सूज? ती जागच्या जागी.

पंप का नको, तेही ऐका. एक बाई मला म्हणाल्या, ‘डॉक्टर, पोरीला बघायला येतायत. पर्समध्ये पंप दिसला तर?’ शिवाय ‘सवय लागते’ आहेच. अशाच घरांतली माणसं मृगाला हैदराबाद गाठतात आणि तोंडात औषध भरलेला जिवंत मासा गिळून येतात. तुम्ही हसताय. त्या माशाने दमा बरा होतो असं मी म्हणत नाही. पण तिथे देणारा माणूस समोर उभा राहून मासा घशाखाली उतरवतो. आपण चिठ्ठी फाडतो आणि म्हणतो, ‘नेक्स्ट.’

वेळ नाही, असं म्हणाल. मीरा रोडला संध्याकाळी लोकल रिकामी झाली की दवाखान्यात काय होतं, ते मला सांगू नका. मी तिथेच म्हातारा झालो. शिकवायला पाच मिनिटं लागतात. न शिकवलेला रोगी रात्री दोनला दार वाजवतो, तेव्हा किती लागतात?

कामं पुष्कळ आहेत. मराठी, हिंदी, गुजराती पत्रकं काढू, औषधदुकानदारांशी बोलू, शाळांचंही काहीतरी बघू. तपशील कार्यकारिणी ठरवेल. ठराव मात्र आज एकच करा: रोग्याने आपल्यासमोर पंप ओढून दाखवल्याशिवाय त्याला उठू द्यायचं नाही. ज्यांचा विरोध असेल त्यांनी खुशाल वर यावं. पंप माझ्या खिशात आहे. आधी तो बरोबर घेऊन दाखवा, मग बोला.