स्टेपनीत हवा आहे का?

सर्व्हर रूमच्या गारठ्यातून आज उन्हात आलेल्या मित्रमैत्रिणींनो,

मला अध्यक्ष का केलंत हे मला ठाऊक आहे. रात्री अडीचला फोन उचलणाऱ्यांत मी सगळ्यांत जुना. तेव्हा बोलणार आहे तेही त्याच वेळच्या गोष्टीवर, मेलेल्या डिस्कवर.

डिस्क मेली की तिची जागा घेणाऱ्या ज्या जादा डिस्कला आपण हॉट स्पेअर म्हणतो, तिला गाडीवाले स्टेपनी म्हणतात. वेल्समधल्या लॅनेली गावी स्टेपनी स्ट्रीटवर १९०४ साली हे जादा चाक निघालं. रस्ता तिथेच राहिला, शब्द मात्र आपल्या प्रत्येक गॅरेजमध्ये आहे.

आता डिस्ककडे येऊ. १९८८ साली बर्कलीच्या पॅटरसन, गिब्सन आणि कॅट्झ यांनी रेडचा निबंध लिहिला. स्वस्त डिस्क पुष्कळ लावा, एखादी गेली तरी माहिती टिकेल, हा त्याचा गाभा. पण त्यातलं गणित पुन्हा वाचा. दुरुस्तीला किती वेळ लागतो, यावर सगळं उभं आहे. आज वीस टेराबाइटची डिस्क सेकंदाला अडीचशे मेगाबाइटने भरायची म्हटली तरी बावीस तास जातात. सर्व्हर चालू असेल तर त्याहून जास्त. एकच डिस्क गेलेली सोसणारी रेड पाच असेल, तर तेवढा वेळ दुसरी डिस्क जाऊन चालत नाही.

आणि त्या वेळात आपण काय करतो? मी काय केलं ते सांगतो. आठ डिस्कची पेटी होती. पडद्यावर क्रमांक शून्यापासून, पेटीवर एकपासून. झोपेत मी मेलेलीच्या शेजारची, चांगली डिस्क ओढली. पुढचे दोन दिवस टेपवरून माहिती उतरवण्यात गेले. त्या दिवसापासून मी स्वयंचलित बदलाचा पुरस्कर्ता आहे. यंत्राला झोप येत नाही.

पण स्वयंचलित बदल या नावाखाली आपण दोन वेगळ्या गोष्टी एकत्र करतो. रॅकमध्ये आधीच बसवलेली स्पेअर आपोआप कामाला लागणं ही एक. झेडएफएस या फाइल सिस्टिममधलं ऑटोरिप्लेस ही दुसरी. ते चालू असलं, की पूर्वी पूलमधली, म्हणजे एकत्र बांधलेल्या डिस्कपैकी एखादी, डिस्क जिथे होती त्याच खाचेत घातलेली नवी डिस्क फॉर्मॅट होऊन जोडली जाते. कोणी विचारत नाही. तपासायला म्हणून कोणी दुसऱ्या मशीनची डिस्क तिथे सरकवली तर? झेडएफएस लिहिणाऱ्यांनी हा पर्याय मुळात बंद ठेवला आहे. त्यांना भित्रे म्हणणारे तरुण मला भेटतात. मी झेडएफएसवाल्यांना शहाणे म्हणतो.

शिवाय डिस्क मेली हे ठरवतं कोण? २००७ साली गूगलने एक लाखाहून अधिक डिस्कचा अभ्यास छापला. बंद पडलेल्यांपैकी निम्म्याहून जास्त डिस्कनी स्मार्टच्या, म्हणजे डिस्क स्वतःच ठेवत असलेल्या आरोग्यनोंदीतल्या, चार मुख्य खुणांपैकी एकही दाखवली नव्हती. उलटही घडतं. केबल सैल असते, डिस्क जिथे खोचतात तो बॅकप्लेन बिघडलेला असतो, आणि धडधाकट डिस्क मेल्या म्हणून बाजूला पडतात. मग यंत्र इमानेइतबारे एकेक स्पेअर खर्च करत जातं.

माझं मत स्पष्ट आहे. स्पेअर आपोआप लागलीच पाहिजे, त्यात वाद नको. ऑटोरिप्लेस मात्र तिथेच चालू करा, जिथे कुठली खाच कुठल्या क्रमांकाची हे कागदावर आहे आणि पेटीला हात लावणारी माणसं मोजकी आहेत.

एक भीती मात्र मला जास्त वाटते. स्पेअर गुपचूप कामाला लागते, तिची मेल कोणी न उघडणाऱ्या फोल्डरात पडते, आणि सहा महिन्यांनी दुसरी डिस्क जाते तेव्हा कळतं की गाडी स्टेपनीवरच चालली होती. किंवा स्पेअर केव्हाच मेलेली असते. तिच्यावर काही लिहिलंच जात नाही, तर कळणार कसं?

म्हणून विनंती एकच. सोमवारी कामावर गेलात, की चहाच्या आधी स्पेअरची अवस्था बघा, तिची चाचणी चालवा, आणि तिचा दिवा लावून ती नक्की कुठल्या खाचेत आहे ते डोळ्यांनी पाहून या.